‘शक्यतो’ हा शब्द वगळावा

मी, अँजेलिना फ्रान्सिस तुस्कानो, अविवाहित, शासकीय सेवेतून निवृत्त, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणाचा आग्रहही नाही. आग्रह करायला घरात दुसरे माणूस नाही. डॉक्टरांच्या मते माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल त्यांनी तेवढी खात्री दिलेली नाही, म्हणून ही घाई.

सारी नोकरी मी इंग्रजी कायद्यांचे मराठी करण्यात घालवली. तेव्हा हा दस्तऐवजही कोरडा लिहिता आला असता. माझे वकील व्हिव्हियन परेरा यांनी कच्चा मसुदा वाचून विचारलेच, “बाई, मृत्युपत्रात एवढी हकिकत कशाला?” माझे म्हणणे असे की मिळकत अशी का उरली हे सांगितल्याशिवाय तिची अशी व्यवस्था का लावली हे कोणाला कळणार नाही.

१. मिळकत. माझे वडील फ्रान्सिस यांनी हयातीतच वाडीचे दोन भाग केले. पूर्वेचा भाग माझा धाकटा भाऊ पास्कल याला, पश्चिमेचा मला. मुलीला वाडी दिली म्हणून गावात कुजबुज झाली. वडील म्हणाले, “तिच्या लग्नाचा खर्च वाचला, निदान वाडी तरी देऊ दे.” माझ्या भागात कौलारू घर, केळीची बाग आणि बावखल आहे. हे कागद वसईबाहेरच्या कोणाच्या हाती पडले तर त्यांच्यासाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जमिनीखालून पुढे सरकू देत नाही. एवढे काम करणाऱ्या या जागेची सातबाऱ्यावर नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस निरुपयोगी जमीन, अशी आहे. दोन्ही भागांच्या हद्दीवर विहीर असून ती सामाईक आहे.

२. विहिरीतील माझा हिस्सा. तो मी पास्कलचा मुलगा स्टीवन यास देते. त्यापूर्वी त्या विहिरीचे काय झाले ते त्याने वाचावे. तो तेव्हा लहान होता आणि त्याच्या घरात त्याला एकच बाजू ऐकायला मिळाली आहे.

पूर्वेकडे इमारती उठू लागल्या आणि त्यांच्यासाठी पाणी विकत घ्यायला आमच्या गावांत टँकर आले. पास्कलने विहिरीवर मोठा पंप बसवला. मी त्याला अडवले तेव्हा तो हसून म्हणाला, “अगं, केळीचा घड कापला की वर्षभर थांबावं लागतं. पाणी रात्रीत परत येतं.” सुरुवातीला खरेच परत येत होते. मग कमी येऊ लागले आणि मग मचूळ येऊ लागले. आधी पानवेलीची पाने कडेने जळाली. मग केळीची वाढ खुंटली. मग स्वयंपाकघरात डाळ शिजेना. विहिरीने नाही म्हटल्यावर टँकरवाले पुढच्या वाडीत गेले. पास्कलकडे पंप राहिला आणि खारी जमीन राहिली. त्याने आपल्या भागातले बावखल बुजवून तिथे भाड्याने द्यायला गोदाम बांधले.

आम्ही काही जणांनी समिती काढली. सांडोरने टँकर अडवले की ते शेजारच्या होळी गावात लागत. होळीतले लोक उठले की त्याच्या पुढच्या गावात. जमिनीखालच्या पाण्याला गावाची वेस ठाऊक नसते, त्यामुळे एकेका गावाच्या ठरावाने काही राखले जाणार नव्हते. कायदा साऱ्या राज्याचा हवा होता. हे पहिल्यांदा म्हणाले ते होळीचे काशिनाथ चौधरी. त्यांनी आणि मी मिळून किती निवेदने लिहिली असतील ते देव जाणे. जमिनींचे भाव वाढले तसे समितीतले एकेक जण ‘तब्येत बरी नसते’ म्हणत गळाले. काशिनाथ गेल्यापासून समितीची बैठक म्हणजे मी, माझा चहा आणि एक रिकामी खुर्ची. ती खुर्ची त्यांची होती, बैठकीसाठी आणून ठेवलेली. ती त्यांच्या मुलीकडे, प्रमोदिनीकडे, पोचती करावी.

३. राधिका मोहिते. माझे सर्व शब्दकोश, लिहायचे टेबल आणि कपाटातील कायद्याची पुस्तके मी नालासोपाऱ्याच्या राधिका मोहिते यांना देते. या कोण, असे माझे नातेवाईक विचारतील.

आमच्या वाडीतून निघालेल्या एका टँकरच्या मागे मी एकदा रागाने रिक्षा लावली होती. हे पाणी कुठल्या श्रीमंताच्या बागेला जाते ते मला पाहायचे होते. टँकर एका इमारतीखाली थांबला आणि जिन्यांवरून बाया हंडे, बादल्या, मुलांच्या दप्तरातल्या बाटल्यासुद्धा घेऊन धावत आल्या. मी त्यांना सांगू लागले की हे पाणी कुठून येते आणि त्याने आमचे काय होते. एक जण पोट सांभाळत रांगेत उभी होती, दिवस भरत आले होते तिचे. ती म्हणाली, “मावशी, तुमचं सगळं खरं असेल. पण टँकर बंद झाला तर आम्ही काय प्यायचं, ते पण सांगा ना.”

ती राधिका.

घरी येऊन मी निवेदन फाडले आणि नव्याने लिहिले. त्यानंतर आमची मागणी नुसती ‘टँकर बंद करा’ अशी राहिली नाही. आधी पाणी, मग बांधकाम परवानगी. प्रत्येक नव्या इमारतीला छतावरचे पाणी साठवण्याची सक्ती. किनाऱ्यालगतच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात विहिरीचे पाणी विकायला बंदी. बावखलांची सातबाऱ्यावर जलसाठा म्हणून नोंद आणि ती बुजवण्यास मनाई. यातले पहिले कलम राधिकाचे आहे. मी फक्त त्याची भाषा नीट केली. वाडीवाले तिला टँकरवाल्यांची बाई म्हणायचे आणि तिच्या इमारतीतले मला केळीवाली म्हणायचे, आम्हां दोघींचे जमायला एवढे पुरेसे होते.

४. पास्कल. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आहे.

राज्याच्या एका समितीची सुनावणी वसईत झाली. सभागृह भरलेले. आम्ही एकीकडे, टँकरमालक आणि जमिनी विकू पाहणारे दुसरीकडे, आणि त्यांच्यात पास्कल. अध्यक्षांनी विचारले, “पाणी विकल्यामुळे खारी झालेली एक तरी विहीर सांगा. मालकाच्या नावासकट.” सगळे खाली बघू लागले. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी पाणी विकले होते. मी उठले आणि आमची विहीर सांगितली. नाव विचारले तेव्हा पास्कल फ्रान्सिस तुस्कानो हे नाव सांगितले. ते मी आजही सांगेन.

बाहेर पायरीवर तो थांबला होता. म्हणाला, “शंभर जणांनी विकलं. तुला माझंच नाव सापडलं?”

मी म्हटले, “दुसऱ्याच्या विहिरीबद्दल मी शपथेवर कसं बोलू?”

“बहीण म्हणून गप्प तर बसता आलं असतं.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. नाताळला त्याच्या घरातून फराळाचे ताट येणे थांबले. माझे ताट परत आले, वरचा रुमालही न हलता. कुंपण वाढत वाढत भिंत झाली. एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला आम्ही दोन टोकांना बसत असू. शांतिदानाच्या वेळी सगळे शेजाऱ्याला हात जोडतात तेव्हा मी त्याच्या दिशेने हात जोडत असे. त्याने पाहिले की नाही, मला माहीत नाही.

पुढे दुसरी सुनावणी झाली. विरुद्ध बाजूने सांगितले गेले की पहिली साक्ष भावाबहिणीच्या मिळकतीच्या भांडणातून आलेली आहे, ती विचारात घेऊ नये. मागच्या बाकावरून कोणीतरी उठले. पास्कल होता. आजारपणाने अर्धा झालेला, सदरा खांद्यावरून उतरत होता. तो आमच्या घरच्या बोलीत बोलू लागला. अध्यक्ष विदर्भातले, त्यांना ती कळेना. मी भाषांतर करायला उठले, तर पास्कलने हात वर केला.

“तिला सांगू नका. मीच सांगतो.” मग शाळेतल्यासारखे एकेक शब्द जोडत तो मराठीत म्हणाला, “माझी बहीण खरं बोलली. आमचं भांडण नव्हतं. पाणी मी विकलं. विहीर माझ्यामुळे खारी झाली. बावखल पण मीच बुजवलं. कायदा असता तर मला कोणी अडवलं असतं. बहिणीचं मी ऐकलं नाही.”

तो बसला नाही, सरळ बाहेर गेला. मी मागे धावले. रिक्षात बसताना त्याला हाक मारली, लहानपणच्या नावाने. त्याने माझ्याकडे पाहिले आणि रिक्षावाल्याला म्हणाला, “चल.”

त्याच पावसाळ्यात तो वारला. मला चर्चची मृत्युघंटा ऐकून कळले. साऱ्या सभागृहासमोर जो माझ्या बाजूने उभा राहिला, तो माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. वाचणाऱ्याला जमला तर त्याने स्टीवनला समजावून सांगावा, मला आता उपयोग नाही.

५. जोआना. पास्कलची पत्नी जोआना हिला माझ्या आईचे लाल लुगडे आणि सोन्याची माळ द्यावी. ती एकदा भिंतीपलीकडून मला म्हणाली होती, “तुमच्या कायद्याच्या खटपटीनं आमची जमीन अडकली. आमच्या पोराला घर घ्यायचंय. तुम्हाला पोर नाही, तुमचं काय जातंय?” जोआना, माझे काय जाते याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही आणि आताही देत नाही. माळ तू वापर. आईची तशी इच्छा होती, माझ्या गळ्यात ती कधी शोभली नाही.

६. नियमावली. दोन सुनावण्या, काशिनाथांचे उरलेले आयुष्य आणि पास्कलची साक्ष एवढे खर्च होऊन शेवटी नियम आले. त्यात आमचे वाक्य होते. वाक्य असे: ‘बावखले शक्यतो बुजवू नयेत.’ 

‘शक्यतो’ हा शब्द आमच्या निवेदनात नव्हता. तो कोणी घातला हे शोधण्यात अर्थ नाही. या शब्दाचे वजन मला ठाऊक आहे, कारण मी अनेक कायद्यांत तो भाषांतरित केला आहे. तो घातला की मनाई विनंती होते. त्यानंतर गावातली बावखले बुजतच राहिली आणि प्रत्येक वेळी सांगितले गेले की शक्य नव्हते.

७. घर. घर स्टीवन यास द्यावे. तो सभ्य मुलगा आहे, दिसले की “आंटी, बऱ्या आहात ना?” विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. घर विकायचे असल्यास त्याने खुशाल विकावे.

८. बाग व बावखल. ही मात्र त्याला देत नाही. बुजवू नये अशी अट घालून ती त्याच्या नावे करावी असा माझा विचार होता. व्हिव्हियन म्हणाले, “बाई, मालकी द्यायची आणि हातही बांधायचे, असं कोर्टात टिकत नाही. विश्वस्त नेमा.” त्याप्रमाणे बाग व बावखल यांची विश्वस्त संस्था करावी. राधिका मोहिते, प्रमोदिनी चौधरी आणि स्टीवन तुस्कानो हे विश्वस्त असावेत. स्टीवनला मुद्दाम घातले आहे. वर्षातून एकदा तरी त्याला त्या दोघींशेजारी बसून चहा प्यावा लागेल. दर उन्हाळ्यात गाळ काढावा. पाणी विकू नये. मागायला आलेल्याला प्यायला नाही म्हणू नये.

९. मुदत. नियमांच्या दुरुस्तीचा नवा मसुदा सरकारने आता प्रसिद्ध केला असून हरकती व सूचना देण्याची मुदत या वर्षअखेरपर्यंत आहे. माझी सूचना एका ओळीची आहे: ‘शक्यतो’ हा शब्द वगळावा. त्या सूचनेखाली राधिकाची आणि माझी सही झाली आहे. मी त्याआधी गेले तर माझ्या व्यवस्थापकांनी प्रथम सूचना दाखल करून पोच घ्यावी आणि मग चर्चला कळवावे. दफन एक दिवस थांबू शकते.

१०. अंत्यविधी. साधी पेटी. फुले नकोत. पास्कलच्या कबरीजवळ जागा मिळाली तर बरे, जोआनाची हरकत असेल तर कुठेही. भाषण करू नये, माझ्याबद्दल चांगले बोलताना कोणालाही अडखळावे लागेल.

११. व्यवस्थापक. अ‍ॅड. व्हिव्हियन परेरा यांस मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते.

१२. साक्षीदारांविषयी. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळते त्यांनी साक्ष करू नये असे वकिलांनी बजावले. ज्यांच्या घरी जाऊ शकते अशा सर्वांना मी काही ना काही देऊन बसले होते. उरलेल्या घरांत मला कोणी बोलावत नाही. शेवटी तपासायला आलेल्या डॉक्टरांना थांबवले आणि एरॉलला आत बोलावले. एरॉल बेकरीचा पाव घेऊन सकाळी येतो आणि मी आतून ‘हो’ म्हणेपर्यंत सायकलची घंटी वाजवत राहतो. त्याने विचारले, “यात माझ्या नावावर काही नाही ना?” मी म्हटले, “काही नाही.” तो म्हणाला, “मग बरं. द्या पेन.”

हे सर्व मी लिहिले, वाचून पाहिले, आणि एकही शब्द बदलायचा नाही असे ठरवून सही करते.

ठिकाण: सांडोर, वसई
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

(सही) अँजेलिना फ्रान्सिस तुस्कानो

साक्षीदार पहिले: बाईंनी आमच्या दोघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. मी त्यांना आज तपासले आहे. सही करताना त्यांना चष्मा लागला, दुसऱ्या कशाची मदत लागली नाही.
(सही) डॉ. केयूर सावे, वसई

साक्षीदार दुसरे: मी रोज पाव देतो. बाई शुद्धीवर आहेत. रोज असतात.
(सही) एरॉल लोपीस, सांडोर