फक्त मलाच ओळखणारं झाड

५ मार्च
झाड हललं! पडद्यावरचं. मी समोरून चालले आणि एकेक पान उघडत गेलं. कॅमेरा माणसाची चाल टिपतो, प्रोग्राम ती ओळखतो, झाडाला पालवी फुटते. माणूस जवळ आलं की झाडाने दखल घ्यायची – एवढंच मला म्हणायचं आहे. त्याला शिकवायला आठ महिने रोज येरझारा घातल्या. टाचा दुखतात.
सांगायला कुणी नव्हतं. चहा केला, एक कप.

९ मार्च
ताईला फोन केला. माझ्या लेकीला प्रदर्शनाचं निमंत्रण दे म्हटलं. ती माझा फोन उचलत नाही. चार वर्षं झाली, बापाकडे राहते. जाताना म्हणाली होती, "तुला माणसं लागतच नाहीत, आई. मशीन पुरे." तेरा वर्षांची होती तेव्हा.
ताई म्हणाली, "देते. पण आस लावून बसू नकोस." मी कसली बसतेय!
बसलेय.

२० मार्च
दालनात मांडणी. दालनाच्या बाई समोरून गेल्या – झाड ढिम्म. इलेक्ट्रिशियन गेला, रखवालदार काका गेले. ढिम्म. मी गेले – फांदीन् फांदी हिरवी! इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, हे फक्त मालकिणीलाच ओळखतंय." सगळे हसले. मीही हसले.
चूक माझीच. दुसऱ्या कुणाची चाल त्याने कधी पाहिलीच नाही. वीस-पंचवीस माणसं समोरून चालवायची असतात, हे शिकाऊ पोरांनाही कळतं. मलाही कळत होतं. पण आठ महिन्यांत घरात दुसरं माणूस आलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. लेक काय खोटं बोलली होती?

२१ मार्च
फोनमधली नावं चाळली. "माझ्याकडे येऊन जरा चाला" असं कुणाला सांगायचं? तिघांना विचारलं. एक "बघतो" म्हणाला. दोघांनी विषयच बदलला. परवा उद्घाटन.

२४ मार्च
लोक येतात, पडद्यापुढे हात हलवतात, "बंद दिसतंय" म्हणून पुढे जातात. मी दाराशी खुर्ची टाकून बसते. आत येणारी प्रत्येक मुलगी आधी तीच वाटते. मग जवळ येते आणि नसते.

२ एप्रिल
नाही आली. ताईला विचारलं. "दिलंय गं मी. तिने घडी घालून पर्समध्ये टाकलं. पुढचं मला माहीत नाही."

५ एप्रिल
शेवटचा दिवस. अंगात ताप. गेले नाही. माझ्यावाचून कुणाचं काय अडणार आहे!

६ एप्रिल
सामान उतरवायला गेले. प्रोग्रामच्या नोंदीत पाहिलं तर काल साडेअकराला झाड पूर्ण उघडलेलं. चौदा मिनिटं. बिघाड, दुसरं काय. काकांना विचारलं. म्हणाले, "एक मुलगी आली होती. दारातच विचारलं, झाडवाल्या बाई आहेत का. नाहीत म्हटल्यावर आत गेली."
कॅमेरा चेहरा ठेवत नाही, नुसती रेषांची आकृती ठेवतो. ती लावून पाहिली. डावी टाच जरा घासत येते, माझ्यासारखीच. थबकते. मागे जाते, पुन्हा पुढे येते. मग झाडासमोर खाली बसते, बराच वेळ.
माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीये.