पन्नास किलोची न झालेली लढत

३ ऑगस्ट, रविवार. नांदेड

“लातूरची ती पोरगी भारी का तू?” पप्पांसोबत गवंडीकाम करणारे माधवकाका आज परत विचारून गेले. मला सांगता येत नाही. तीन वर्षं झाली, सगळे हेच विचारतात आणि मी हसून चहा पुढे करते.

लातूरची शिवलीला आणि मी एकाच विभागात बॉक्सिंग खेळतो, पण एकदाही समोरासमोर आलेलो नाही. पहिल्या वर्षी दोघी ५० किलोच्या गटात होतो, पण तिचा अंगठा दुखावला, ती रिंगमधे आलीच नाही. पंचांनी माझा हात वर केला. न लढता! इतकी लाज मला हरल्यावरही वाटली नसती. पुढची दोन वर्षं ती ५० किलोच्या गटात, मी ५२ च्या. दोघी जिंकलो, दोघी राज्य स्पर्धेला गेलो.

यंदाची निवड चाचणी २४ ला, लातूरला. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पप्पांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स काढून बांधकामावर नेली होती. घरातली पहिलीच. आता सगळ्यांचं लक्ष नोकरीकडे. राज्याला पदक मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून भरतीला बसता येईल. मला नोकरी पाहिजे. पण ही लढत त्याच्या आधी पाहिजे.

६ ऑगस्ट, बुध.

क्लबच्या बॉक्सिंगच्या सरांनी चाचणीचे फॉर्म आणले. कोरे.
“सही कर.”
“सर, वजनगट?”
“मी भरतो. तू सही कर अन् दोरीवरच्या उड्या चालू कर.”
केली सही. गेली तीन वर्षं अशीच करते आहे.

आणि कालच आईला बोलले होते. ती शाळेत खिचडी शिजवते, तिथल्या रजिस्टरवर न वाचता सही करून आली म्हणून. “असं कसं कुठंही सही करतेस, आई?” केवढ्या तोऱ्यात.

९ ऑगस्ट, शनि.

कुणीतरी आमच्या दोघींचे व्हिडिओ जोडून टाकलेत. खाली एकानं लिहिलंय, “नांदेडची घाबरून ५२ मधे पळाली.” त्याला खूप जणांनी हसून पसंती दिलीय. दिवसभर तेच डोक्यात. सरावात जोडीतल्या सारिकाच्या नाकावर ठोसा नको तेवढ्या जोरात बसला. सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “मी काय शिवलीला हाव का गं?”

सरांना विचारलं. म्हणाले, “तुझं वजन बसत न्हाई पन्नासात, तर मी काय करू? काटा काय माझा मेव्हणा हाय?”
सगळ्या हसल्या. मीही.

१२ ऑगस्ट, मंगळ.

रेशन दुकानाच्या काट्यावर उभी राहिले. दुकानदार म्हणतो, “तुला बी पोत्यात भरून देऊ का?” ४९.७. संध्याकाळी परत गेले, ४९.८. म्हणजे पन्नासच्या आतच.

मग तिथंच पायरीवर बसले. आठवलं.

चाचणीच्या सकाळी बाकीच्या पोरी अर्धा किलो कमी करायला लिंबू चोखून थुंकत असतात, स्वेटर घालून पळत असतात. आणि सर माझ्या हातात पाण्याची बाटली देतात. एक लिटर. वर दोन केळी. “पी, माय. चक्कर येईल.” मी पूर्ण बाटली पिऊन काट्यावर चढते आणि काटा पन्नासच्या वर जातो. नाव ५२ मधे.

मला वाटायचं, काळजी करतात. मागच्या वर्षीच्या वहीत मी चक्क लिहून ठेवलंय, “सर म्हणजे दुसरे वडील.” ते पान काढून वाचलं. फाडलं नाही.

१७ ऑगस्ट, रवि. लातूर

स्पर्धा परीक्षेचा पेपर होता. बरा गेला. कालच शिवलीलाला मेसेज केला होता, भेटशील का. स्टँडजवळच्या हॉटेलात आली. जवळून पाहिली तर माझ्याएवढीच. डाव्या भुवईवर टाके.

पहिलंच वाक्य, “तू अंडी खाऊन मारतीस, मी शेंगदाणे खाऊन. तरी लोकं तुलाच भारी म्हणत्यात, कशानं?”

हसायला आलं. मग पाण्याचं सांगितलं.
“मला दोन दिवस भाकर देत न्हाईत चाचणीआधी,” म्हणाली. “माझं वजन पन्नासच्या जरा वरच असतं. तुला फुगवत्यात, मला सुकवत्यात.”
“आणि अंगठा? पहिल्या वर्षीचा?”
तिनं अंगठा हलवून दाखवला. “ह्याला काय झालंय? आमचे सर म्हणले, बस खाली. बसले.”

तिचे सर आणि माझे सर. दरवर्षी फोनवर ठरतं. एका गटातून एकच पोरगी राज्याला जाते, मग दोघी एका गटात कशाला? तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मलाच नव्हतं.

मी म्हटलं, यंदा मी पाणी पिणार नाही. आपण खेळू.
शि. बशीतल्या पोह्यांवरचं खोबरं वेचू लागली. उदगीरला वडिलांचं दुकान, घरात अव्वा म्हणजे आई आणि तिच्या पाठच्या दोघी बहिणी. “राज्याला जाते म्हणून सोयरीक थांबवलीय. यंदा न्हाई गेले तर दिवाळीनंतर लग्न. अव्वानं भांडी बी बघून ठेवलीत.” मग म्हणाली, “मला बी खेळायचंय तुझ्यासंगं. पण जायचं जास्त हाय.”

बसमधे खिडकीला डोकं लावून आले. अहमदपूर कधी गेलं कळलं नाही.

१८ ऑगस्ट, सोम.

सरांना सरळ विचारलं. नाकारतील वाटलं होतं. नाकारलं नाही.
“हाव. करतो. मग? माझ्या चार पोरी पोलिसात हायेत, कशा गेल्या? दोघी भिडल्या असत्या तर एक घरी बसली असती. तुला काय पाहिजे, नोकरी का टाळ्या?”
“मला विचारायचं होतं, सर.”
“विचारलं असतं तर तू काय म्हणली असती?”
“खेळते म्हटलं असतं.”
“म्हणूनच न्हाई विचारलं.”

सर वाईट नाहीत, हीच अडचण आहे. वाईट असते तर क्लब सोडून मोकळी झाले असते.

२० ऑगस्ट, बुध.

आईला सगळं सांगितलं. ती मिरच्या निवडत होती.
“सरानं तुझं वाईट केलं का?”
“नाही.”
“त्या पोरीचं?”
“नाही.”
“मंग कशानं एवढी बेजार झालीस?”
“मला न विचारता केलं, आई.”
तिनं हातातली मिरची खाली ठेवली. “माझं लग्न बी न विचारताच झालं,” म्हणाली आणि परत मिरच्या निवडू लागली. चांगलं झालं की वाईट, ते नाही सांगितलं.

मी हरले तर माझं राज्य जातं, पप्पांची आशा जाते. ती हरली तर तिचं लग्न. मला हे माहीत असताना गुपचूप काट्यावर उभं राहायचं म्हणजे मीही सरांसारखंच करणार. म्हणून शि.ला लिहिलं: “२४ ला मी पाणी न पिता काट्यावर जाणार. ५० मधे येणार. तुला आधी कळावं म्हणून. तू काय करायचं ते तू ठरव.”
तिनं वाचलं. उत्तर नाही.

२४ ऑगस्ट, रवि. लातूर

सकाळी सातला वजनं. सरांनी बाटली पुढे केली. “नको सर.” त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. ४९.८. लिहिणाऱ्या बाईंनी फॉर्मवरचं ५२ खोडून नाव पन्नासमधे घेतलं.

मग मागं वळून पाहिलं. रांगेत शि. उभी. हातात पाण्याची बाटली, निम्मी संपलेली. दुसऱ्या हातात केळं. माझ्याकडे बघत बघत तिनं उरलेली बाटली संपवली आणि काट्यावर चढली. ५०.९.
नाव ५२ मधे.

मी पन्नासमधे जिंकले, ती बावन्नमधे. दोघी राज्याला. पप्पांचा फोन आला, कामावर भजी वाटली म्हणे. सर परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसले. भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. घेतल्या.

२५ ऑगस्ट, सोम.

झोप नाही. तिच्या सरांवर सगळा राग काढून शि.ला लांबलचक मेसेज लिहिला. दुपारी तिचा फोन.
“आमच्या सरानं न्हाई सांगितलं. त्याला तर माहीत बी नव्हतं. मीच प्याले.”
“का?”
“तूच म्हणली ना, तू ठरव. ठरवलं.” मग म्हणाली, “एवढ्या दिवसांत तूच पहिली विचारणारी. न्हाई म्हणायला बी लई बरं वाटलं गं.”

मी फोन ठेवून गच्चीवर गेले. मी कळवलं नसतं तर लढत झाली असती. एवढं साधं आहे. तीन वर्षं सरांनी टाळली आणि या वर्षी मी. माधवकाकांना हे कसं सांगू?
आणि तरी, परत तसंच असतं तर परत कळवलं असतं. असं वाटतं. खात्री नाही.

७ सप्टेंबर, रवि. लातूर

राज्याच्या आधीचं सराव शिबिर, विभागातल्या सगळ्या पोरींचं. हॉलमधे बारा गाद्या. माझ्या आणि शि.च्या मधे चार गाद्या. ती समोर आली की दोघीही टॉवेल शोधायला लागतो. आज जेवणाच्या रांगेत म्हणाली, “माझं अंडं तू घे.” घेतलं. एवढंच बोलणं.

९ सप्टेंबर, मंगळ.

उद्यापासून जोड्यांचा सराव. हेल्मेट घालून, तीन फेऱ्या. पंच नाही, निकाल नाही, प्रमाणपत्र नाही. कुणाचं काही जाणार नाही. रिंगशेजारच्या भिंतीवर जोड्यांचा कागद लावलाय, दोन रकाने, ज्यांनी त्यांनी नावं लिहायची. पोरी आपापल्या जिल्ह्यातलीच जोडी धरून लिहीत होत्या. नांदेडची नांदेडशी, लातूरची लातूरशी. कुणी सांगितलेलं नाही, तशी सवयच.

सर खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर जाऊन पेन घेतलं. पहिल्या ओळीत, डाव्या रकान्यात, माझं नाव लिहिलं. आडनावासकट. उजवा रकाना सोडला.

सारिका नेहमीप्रमाणे शेजारी तिचं नाव टाकायला आली. म्हटलं, “तू खाली लिही. ही जागा राहू दे.”
“कुणासाठी?”
मी पेन कागदाशेजारी लटकणाऱ्या दोरीला परत बांधलं आणि गाद्यांच्या हॉलमधे येऊन बसले. समोरून शि. उठून बाहेर गेलीय. पाणी भरायला असेल. किंवा तिकडं, त्या कागदाकडं.