रानकेळींच्या चिठ्ठ्या

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण ऐकते कुठे. पाइप घेऊन रोपवाटिकाभर फिरते. भाचीचा ताप उतरला का, कळव.

परवा तू फोनवर म्हणालीस, "तुझ्या रानकेळी मेल्या. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला." काल तू बाग केलेल्या त्या हॉस्पिटलात जाऊन आलो.

तू आखलेल्या तिथल्या अंगणात आता पामची रांग आहे. बँकेबाहेर असते तीच, मॉलबाहेर असते तीच. बागा आखणारी माणसं तुम्ही, आणि दुकानातून खुर्च्या आणाव्यात तशी झाडं आणता! मुकादमाला विचारलं, तर मागच्या उकिरड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वाळल्या होत्या हो. ओढून फेकल्या."

नासलेलं जेवण, रक्ताळलेल्या पट्ट्या, घोंघावणाऱ्या माशा, आणि त्यात बाबांच्या रानकेळी. गड्डा उचलला की बोटं आत रुतायची. आत अळ्या. मी तिथेच ओकलो. बाबांनी रानोमाळ हिंडून आणलेल्या शेवटच्या बियांची झाडं ती. तुला वीस हवी होती म्हणून मी एकही मागे ठेवलं नव्हतं.

रानकेळ उन्हाळ्यात मरत नाही, ताई. पानं झडतात, गड्डा जमिनीत झोपून राहतो, पावसात उठतो. मुकादमाला हे कसं कळणार? आमच्याकडे प्रत्येक कुंडीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी असायची: "थांबा, मेलेलं नाही."

झाडं तुला पाठवताना त्या वीस चिठ्ठ्या मी काढून घेतल्या.

टेम्पो भरताना तू हसत म्हणालीस ना, "बाबांनी जन्मभर तण सांभाळलं, निदान आता उपयोगी पडलं." मला तुझी शिसारी आली. म्हटलं, वाळू देत, होऊ दे हिची चारचौघांत फजिती. तुला तोंडावर चार शब्द सुनवायची हिंमत नव्हती, म्हणून बाबांच्या झाडांवर राग काढला. माती खाल्ली मी. कालपासून हात धुतोय, वास जात नाही. आईला वाटतं, उंदीर मेलाय कुठेतरी.

एकच गड्डा टणक निघाला. रानकेळीला साध्या केळीसारखी बाजूने पिल्लं फुटत नाहीत. एकदा फुलते, बी देते आणि संपते. म्हणजे आता हीच काय ती. माझ्याजवळ ठेवायची मला लाज वाटते. टेम्पोवाल्याबरोबर पाठवतोय. एक पाम उपट आणि तिथे लाव.

चिठ्ठी बांधली आहे. मुकादमाला वाचून दाखव. तूही वाच.

बाबांच्या चिठ्ठ्या चोरणारा,
तुझा भाऊ