दोन दारांचा देवमासा

२ जानेवारी
काम मिळालं! वॉटर पार्कच्या फाटकाशी देवमासा. सिमेंटचा, दुमजली उंच, आतून पोकळ. मालक म्हणाले, रोज हजारो लोक आत जाऊन येतील. आर्ट गॅलरीत माशा मारत बसणाऱ्या मित्रांनी ऐकावं.
संकल्प: रोज पहाटे उठून स्केच.
बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. हं म्हणाले. सातवीत माझा हत्ती बघून, म्हैस बरी जमलीये म्हणाले होते. त्यानंतर थेट आजचं हे हं. उद्घाटनाला त्यांना नेणार आणि छान म्हणवून घेणार. छान नाही म्हणाले, तर थापी कायमची खाली ठेवीन.

५ जानेवारी
पहाट झाली. मी झोपलो होतो. कलावंताला विश्रांती लागते.

१९ जानेवारी
मालकांना दोन दारं हवीत, मध्ये भिंत. आधी चिडलो. मग उलगडलं. द्वैत! जन्म आणि मृत्यू. माणूस इतका खोल असेल असं वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी
सळ्यांचा सांगाडा उभा. कोंबडजाळी बांधून झाली. प्लास्टरच्या आधी प्लंबर जाळीतून पाइप घालून गेला. पुष्कळ पाइप. आत कारंजी असणार. विचारलं नाही, उगाच अडाणी दिसायला नको. डोक्यावरच्या भोकात पंखा बसणार आहे. देवमासा श्वास घेणार तर!

२० फेब्रुवारी
प्लास्टरवर रोज पाणी मारायचं असतं. मी शेपटीचा विचार करत बसलो, पाणी राहिलं. पोटाला तडा गेला. सुरकुती म्हणून ठेवून दिली. देवमासा वयस्कर आहे.

२७ फेब्रुवारी
बायको डबा घेऊन आली. आत पांढऱ्या टाइल्स लागत होत्या. म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच कळत नाहीये का? म्हटलं, कलेतलं तुला काय कळतं. त्या बरगड्या आहेत. ती डबा ठेवून निघून गेली. लागलं असावं मनाला.

६ मार्च
बाबा येत नाही म्हणतात. दर अर्ध्या तासाला जावं लागतं, परक्या ठिकाणी पंचाईत. सगळ्यांच्याच बापांना जावं लागतं, माझ्याच कलेच्या आड येतं. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.
संध्याकाळी बायको त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली. लगेच तयार! कलेबद्दल बोलली असणार.

१५ मार्च, दुपार
पडदा सरकला. एका दारावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'स्त्रिया'. मध्ये, माझं नाव कोरायला मी राखून ठेवलेल्या जागी, 'स्वच्छता राखा'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मला रडू आलं, गॉगल लावला.
बाबा तोवर रांग मोडून आत गेलेही होते. बराच वेळ लागला. मी बाहेर उभा. ते हात झटकत आले. चेहरा किती दिवसांनी असा मोकळा. वर मान करून देवमाशाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि छान म्हणाले.
आता थापी खाली ठेवायचीही सोय राहिली नाही.