आईची बोहनी

खारघर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. वहिनीचा खोकला थांबला का? निशांत उद्या नावड्याला येतोय, त्याच्या हाती हे देतेय. बायको नवऱ्याच्या हाती पत्र धाडते म्हणून हसशील. पण फोन केला की तू स्पीकर लावतोस आणि आई शेजारी बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर अर्धं वाचून अंगठा पाठवतोस. हे एकट्याने वाच. वहिनी चालेल.

सोमवारी कंपनीत राजीनामा देणार म्हणालास, तेव्हापासून मला घोर लागलाय. "नमे, तुझा ग्राफ बघूनच हिंमत केली," म्हणालास, त्याने तर जास्तच.

तुझं म्हणणं मला पटलं होतं. आईच्या मसाल्याच्या ऑनलाइन दुकानात रोज एवढी माणसं येतात (ग्राफची रेघ तेच दाखवते), पाकीट कार्टमध्ये टाकतात आणि विकत न घेता जातात, ते पार्सल उशिरा मिळतं म्हणून. तू दिवसभर घरी असलास तर घेतीलच. मग ती नेमकी कुठे अडतात ते बघायला मी ट्रॅकिंग नीट लावून घेतलं. कोण कुठल्या गावाहून, कुठल्या वेळेला येतं, सगळं दिसेल असं. तर सगळी पनवेलच्या, म्हणजे आपल्या नावड्याच्याच बाजूची निघाली. उजाडताना यायची, एक पाकीट टाकायची, निघून जायची. मला वाटलं, माझंच सेटिंग गंडलंय.

म्हणून परवा तू फर्स्ट शिफ्टला गेल्यावर घरी आले. आईने देवाला दिवा लावला, फोन घेतला, दुकान उघडलं, पाकीट टाकलं आणि फोन कपाळाला लावला. तेवढ्यात समोरच्या घरातून शकुबाईने आईला हाक मारली, "पुतळे, माजी बोहनी झाली गो!" दादा, अख्खी आळी करते हे. सकाळी दुकान रिकामं उघडू नये म्हणून.

पनवेल बाजूला काढलं, तर ग्राफवर जवळजवळ काहीच उरत नाही.

आईला म्हटलं, हे काही खरं गिऱ्हाईक नाही. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कोन येत नाय ते म्हाईत हाय मला. आधी बोहनी म्हनूनच करायचो. पन पोरगा कामावरना थकून येतो, ती रेघ वर गेलेली बघतो नि दोन घास जास्ती खातो. म्हनून सगल्यांना सांगलं, सोडू नका."

राजीनाम्याचं तिला माहीत नाही. तूच शपथ घातलीस, म्हणून गप्प बसले. कशी बसले ते मलाच ठाऊक.

तू भडकशील. नमीच्या पोटात दुखतंय, असंही वाटेल तुला. वाटू दे. दुकान बंद कर असं मी म्हणत नाही. जाहिरात करू, पाकिटं भरायला मी रविवारी येत जाईन. खरं गिऱ्हाईक यायला लागलं की सोड नोकरी, असं पहिली मीच सांगेन. पण आज ते नाही रे. तू नोकरी सोडलीस आणि ती कशाच्या भरवशावर सोडलीस हे आईला कळलं, तर ती जन्मभर स्वतःलाच दोष देत बसेल. मला ते बघवणार नाही.

सोमवारी नेहमीसारखा कंपनीत जा. आणि संध्याकाळी घरी आलास की आईसमोर ती रेघ बघून खूश हो. एवढं तुला करावंच लागेल.

तुझीच,
नमी