शिवा, तुझी जागा मी सरजाला दिली

प्रिय शिवा,

धाकट्याला पत्र लिहायचं म्हटलं की आधी 'चि.' घालायची सवय. घालायला गेलो आणि टाक अडला.

कसा आहेस? आबा भेटले का? त्यांचा दमा तिथं तरी बसला का? आईचे गुडघे कसे आहेत? आणि तुझी छाती रे? ती तर तू मला कधी कळूच दिली नाहीस! जत्रेला यायचास कानात अत्तराचा फाया घालून, आणि खोकायचास पाठ फिरवून. विचारलं की "काय न्हाई दादा, वाटंची धूळ हाय." गिरणीतला कापूस छातीत भरत होता आणि तू आम्हाला मुंबईची रोषणाई सांगत बसलास! तो राग अजून गेलेला नाही.

पण आज लिहितोय ते दुसऱ्याच संतापानं.

लढाई संपली, खाकी कापडाची मागणी आटली, तुझ्या गिरणीतली रातपाळी बंद पडली. यंदा जत्रेला आलेले आपले गडी वळकट्या घेऊनच आले. काल पारावर हाच वाद. तुझा खोलीतला जोडीदार ज्ञानू म्हणाला, "मुंबईत आता काय राम न्हाई, गड्यांनो. सकाळी गिरणीच्या दारात हुबं ऱ्हायचं आन् तसंच माघारी फिरायचं."

आष्ट्याचा हुसेनभाई, पत्र्याच्या पेट्या करणारा, गालात हसला. "मग माझ्या पेट्या कोण नेतंय रं? तू आलास की दुसरा निघतोय."

तेवढ्यात तुझ्या कारभारणीचा, सरजाचा विषय निघाला. तुमच्या मुंबईच्या त्या खोलीत खानावळ घालायचं तिच्या मनात आहे. ज्ञानू उसळला, "खोली गावच्या गड्यांची. बाईमाणसाचं काय काम? शिवाची जागा रीतीनं त्याच्या भावकीला जायाची."

सरजा मला जेवायला बोलवायला आली होती. पदर पुढं ओढून, पण खणखणीत बोलली, "आवं ज्ञानूभावजी, दिसपाळीची मानसं जेवायची बंद झाल्यात व्हय?"

सगळे हसले. ज्ञानू नाही. तुझ्या ताटात जेवून मोठा झालेला हा माणूस! माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "भावकीत जवळचा कोण? मीच की! मग जागा माझी. ती मी सरजाला दिली. कुणाचं काय म्हणणं हाय?"

घरी येताना मात्र वाटलं, ज्या शहरानं तुला खाल्लं, तिथं हिला धाडू? विचारलं तर म्हणाली, "दादा, हितं समदी माझी कीव करत्यात. तिथं भाकरी करपली तर शिव्या तरी घालतील." मग म्हटलं, जा.

तिथं निजायला ती शेजारी, आपल्या आत्याच्या सुनेकडं राहील. मिरजेला आगगाडीत मी स्वतः बसवून देईन. आणि वचन देतो, मुंबईनं तिला परत धाडलं, तर या उंबऱ्यात "सांगितलं नव्हतं का?" असं कुणी म्हणणार नाही. मीसुद्धा नाही.

उत्तर लवकर दे. माझ्या स्वप्नात नको, तिच्या जा. आगगाडीतून उतरल्यावर खोलीकडं कुठून वळायचं, तेवढं तिला नीट सांग. मला ते ठाऊक नाही रे.

तुझा,
दादा