सरांची फ्लॉपी अडवली

९ नोव्हें. ८८
रक्तदात्यांच्या यादीच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची नवी फ्लॉपी शनिवारी उमरेडले, खाणीच्या दवाखान्यात. वहिनी बाळंतपणाले तिथेच दाखल होणार. गट ओ निगेटिव्ह, त्यात अंगात रक्त कमी. डॉक्टरीणबाई म्हणतात, देणारे आधीच शोधून ठेवा. या खेपेले मी एकही ओळ न वाचता सोडणार नाही.
प्रोग्रॅम सगळ्यांचा, ज्याले सुधारायचा त्यानं सुधारावा. पण बदल बाहेर धाडायच्या आधी दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा, हा आमचा नेम. आज वर्ध्याच्या मंडळींनी धाडलेला बदल वाचला. पास.

१० नोव्हें.
आज देशकरसरांचा. प्रोग्रॅम मुळात त्यांचाच, मले शिकवलंही त्यांनीच. धरमपेठेतून डबा घेऊन आले. "वाच वं, तुले काय सापडते पाहू."
एकच माणूस दोनदा नोंदला असेल तर पहिली नोंद ठेवून बाकी पुसायची. ओळखायचं कसं? नावाचं नि वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, गाव, रक्तगट. जुळलं की पुसा. झटपट चालते. सर खूश.
उमरेडची यादी चालवून पाहिली. ओ निगेटिव्हचे गिरडे तीन होते, एक उरला. विजय, विलास, विनोद रामाजी गिरडे. अरे देवा! हे तर तिघं भाऊ. दादाच्या लग्नात बुंदी वाढून राहिले होते! आपल्याकडे एका घरातली नावं एकाच अक्षरावर, अन् भावाभावांचं रक्तही जुळते. सर एकुलते एक, त्यांच्या ध्यानात कुठून येणार?
"सर, हे नाही जात."
"काहून? माझा बदल आजवर कोणी अडवला नाही."
"म्हणूनच तर वाचते ना सर."
डबा न उघडताच गेले. लई वाईट वाटलं. पण मी बरोबर आहे, बस.

११ नोव्हें.
सकाळीच सर दारात. "पूर्ण नाव जुळल्याशिवाय पुसत नाही आता. घे, वाच." दोनदा वाचलं. पास. मग डबा दोघांनी मिळून खाल्ला. वांग्याची भाजी, तोंड भाजलं.

१३ नोव्हें., उमरेड
फ्लॉपी घेऊन काल एसटीनं आली. आज वहिनीले कळा सुरू. रक्त लागणारच, म्हणाल्या बाई. यादी काढली. विजय चांद्याले कामावर. विलासले कावीळ. विनोद सायकल हाणत आला, बाही वर सारली. "ताई, पाहिजे तेवढं घ्या."
सरांच्या पहिल्या बदलात हाच पुसला गेला होता. उरला होता विजय.
विनोदले आत नेलं. दादा बाहेर चकरा मारून राहिला. "होईल ना वं सगळं नीट?"
"होईल गा दादा," म्हटलं.
अजून आतून कोणी आलं नाही.